काडतुसांची साठवण : उष्णता, ओल आणि कुलूप

आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या घरात रायफल असेल. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि किती काडतुसं विकत घ्यायची व जवळ ठेवायची हेही परवान्यावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तिथे नेमबाजीचा सराव, शिकार किंवा स्वसंरक्षण अशा कारणांनी बंदूक बाळगणारी घरं पुष्कळ आहेत. सराव करणारा माणूस एका सकाळी शंभर-दोनशे काडतुसं सहज वापरतो. पेटीनं घेतली की स्वस्त पडतात म्हणून हजार-हजार काडतुसं एकदम आणली जातात. २०२०-२१ मध्ये तिथे काडतुसांची मोठी टंचाई झाली होती, त्यानंतर साठा करून ठेवण्याकडे लोकांचा कल आणखी वाढला.

मग प्रश्न येतो : एवढी दारू घरात ठेवायची म्हणजे बाँबवर झोपण्यासारखंच नाही का? घराला आग लागली तर? आणि दहा-वीस वर्षं पडून राहिलेलं काडतूस चालेल का?

या प्रश्नांची उत्तरं शोधताना शाळेतल्या विज्ञानाचे बरेच धडे एकत्र भेटतात. ज्वलन, दाब, अभिक्रियेचा वेग, धातूंचं गंजणं, हवेतली आर्द्रता. शिवाय या गोष्टीत आपल्याकडच्या पावसाळ्याचाही एक महत्त्वाचा भाग आहे. तेव्हा घरात बंदूक नसली तरी विषय समजून घेण्याजोगा आहे.

काडतुसात काय असतं?

बोलताना आपण 'गोळी' म्हणतो, पण गोळी हा काडतुसाचा फक्त पुढचा भाग. पूर्ण काडतुसाचे भाग चार. पितळेची पोकळ पुंगळी. तिच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, बहुधा शिशाची आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असलेली. पुंगळीच्या पोटात दारू. आणि बुडाशी बसवलेली छोटी टोपी. टोपीत आघातानं पेटणारं रसायन अगदी थोडं असतं. चाप ओढला की बंदुकीतला खिळा टोपीवर आपटतो, टोपी पेटते, तिची ज्योत दारूला लागते. दारूचा क्षणात वायू होतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो.

७.६२ मिलिमीटरच्या रायफलचं एक काडतूस घेऊ. त्याचं वजन सुमारे २४ ग्रॅम. त्यात गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची आणि दारू साधारण ३ ग्रॅम. गोळी बाहेर पडते ती सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगानं, म्हणजे आवाजाच्या जवळजवळ अडीच पट. गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे आकडे घालून पाहा. उत्तर सुमारे ३३५० ज्यूल येतं.

आता हजार काडतुसांचा हिशोब करू. एकूण वजन २४ किलो, पण त्यात दारू फक्त ३ किलो. या दारूतून ग्रॅमला साधारण ४ हजार ज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे ३ किलोमधून १ कोटी २० लाख ज्यूल. आकडा मोठा वाटतो. पण स्वयंपाकाचा गॅस जळताना ग्रॅममागे सुमारे ४६ हजार ज्यूल देतो. म्हणजे हजार काडतुसांतली सगळी ऊर्जा जेमतेम पाव किलो गॅसएवढी! आपल्या ओट्याखालच्या सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो.

तरीही दोन्हींत एक मोठा फरक आहे. गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. काडतुसातली दारू आपला ऑक्सिजन स्वतःच्या रेणूतच घेऊन आलेली असते. म्हणूनच ती बंद पुंगळीत जळू शकते. आणि म्हणूनच तिच्यावर घोंगडी टाकून, हवा तोडून ती विझत नाही. अशा आगीत पाण्याचा उपयोग होतो तो तापमान खाली आणण्यासाठी, म्हणजे शेजारची दारू पेटू नये यासाठी.

आग लागली तर?

दारूगोळ्याची आग म्हटली की आपल्याला १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट आठवतो. फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं एकत्र होती. कापूस पेटला, आग स्फोटकांपर्यंत पोहोचली आणि गोदीबरोबर आजूबाजूच्या वस्त्याही उद्ध्वस्त झाल्या. मग घरातली काडतुसांची पेटी म्हणजे याचीच छोटी आवृत्ती का?

तसं नाही. कारण स्फोटकांचे दोन वेगळे प्रकार आहेत. काही स्फोटकांत अभिक्रियेची लाट आवाजापेक्षाही जास्त वेगानं पदार्थातून जाते आणि एका ठिकाणचा स्फोट शेजारच्या साठ्याला जवळजवळ त्याच क्षणी फोडतो. गोदीत तेच झालं. काडतुसातली दारू मात्र पृष्ठभागापासून आत, थराथरानं *जळते*. तिचं जळणं दाबावर अवलंबून असतं. दाब वाढला की ती वेगानं जळते, दाब नसला तर नुसतीच भसकन पेटते.

आता बंदुकीत आणि आगीत काय फरक पडतो ते पाहू. बंदुकीत काडतुसाभोवती पोलादी नळीची जाड भिंत असते. पितळेची पातळ पुंगळी त्या भिंतीला टेकते, फाटत नाही, आणि आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ४००० पटींपर्यंत चढतो. वायूला जायला एकच वाट असते : गोळीला ढकलत पुढे जाणं. नळीच्या पूर्ण लांबीभर हे ढकलणं चालू राहतं, म्हणून गोळीला एवढा वेग येतो.

आगीत पडलेल्या सुट्या काडतुसाभोवती पोलाद नसतं. तापमान साधारण १७० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलं की दारू आपोआप पेटते. दाब थोडा वाढतो न वाढतो तोच पुंगळी फाटते किंवा गोळी तोंडातून सुटते आणि वायू निसटून जातो. मोठा आवाज होतो. पितळेचे तुकडे आणि टोपी उडते. हे तुकडे हलके असल्यानं तेच जास्त वेगानं जातात आणि त्यांनी डोळ्यांना, उघड्या त्वचेला इजा होऊ शकते. पण गोळी बंदुकीतून सुटल्यासारखी जात नाही.

अमेरिकेतल्या बंदूक व काडतूस उत्पादकांची 'सामी' या संक्षिप्त नावानं ओळखली जाणारी संस्था १९२६ पासून आहे. तिनं अग्निशमन दलांसाठी या विषयाची प्रात्यक्षिकं चित्रित केली आहेत. काडतुसांच्या भरलेल्या पेट्या उंचावरून टाकल्या, बुलडोझरखाली चिरडल्या, ढिगानं पेटवून दिल्या. सगळा ढीग एकदम उडाला असं झालं नाही. काडतुसं लाह्या फुटाव्यात तशी एकेक करून फुटत राहिली, आणि उडणारे तुकडे जवानांच्या नेहमीच्या संरक्षक पोशाखानं अडवले. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणातही रायफलची साधी काडतुसं सर्वांत सौम्य स्फोटक मालात, '१.४ एस' या गटात येतात. पेटीत अपघात झाला तर त्याचा परिणाम मुख्यतः पेटीपुरता राहतो, असा त्याचा अर्थ.

याला एक अपवाद मात्र कायम लक्षात ठेवायचा : भरलेली बंदूक. आगीच्या धगीनं बंदुकीतलं काडतूस पेटलं तर त्याच्याभोवती पोलादी नळी आहेच. ती गोळी पूर्ण वेगानं जाणार, आणि नळीचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला जाणार. म्हणून घरात ठेवलेली बंदूक रिकामी हवी, हा नियम आगीच्या दृष्टीनंही तितकाच महत्त्वाचा आहे.

डबा मजबूत हवा की कच्चा?

काही नेमबाज घरीच काडतुसं भरतात. त्यांच्याकडे सुटी दारू आणि सुट्या टोप्या असतात. इथे हिशोब बदलतो. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ४९५ क्रमांकाच्या नियमावलीत तयार काडतुसांच्या संख्येवर सरसकट मर्यादा नाही. मात्र ती पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवांपासून आणि ऑक्सिजन पुरवणाऱ्या रसायनांपासून १५ फूट दूर, किंवा एक तास आग थोपवेल अशा भिंतीपलीकडे ठेवावीत असं म्हटलं आहे. सुट्या दारूवर मात्र बंधन आहे. राहत्या घरात २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलोपर्यंत दारू कारखान्यातून आलेल्या मूळ डब्यांतच ठेवायची. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर किमान एक इंच जाड लाकडी पेटी हवी. टोप्या १० हजारांपेक्षा जास्त नकोत. स्थानिक कायदे याहून कडक असू शकतात.

मुलांना इथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. पेटी लाकडाची का? लाकूड तर जळतं! पोलादी तिजोरी जास्त सुरक्षित नाही का?

उत्तर दाबात आहे. लाकूड उष्णतेचं दुर्वाहक आहे, जाड फळी जळायला वेळ लागतो आणि तोवर आतली दारू थंड राहते. तरीही ती पेटलीच, तर लाकडी पेटीचे सांधे लवकर सुटतात आणि वायूला वाट मिळते. दारू भसकन जळून जाते. घट्ट बंद पोलादी तिजोरीत मात्र वायू कोंडतो, दाब वाढतो, दाबानं ज्वलन वाढतं, ज्वलनानं दाब आणखी वाढतो, आणि शेवटी तिजोरीच फुटते. दारूचे कारखान्यातले डबेही याच कारणानं मुद्दाम कच्चे, दाब येताच सुटतील असे केलेले असतात. दिवाळीत फुलबाजीची आणि सुतळी बाँबची दारू पाहिलेल्या मुलांना हे चटकन समजतं. घट्ट गुंडाळलं की आवाज, मोकळं ठेवलं की नुसता जाळ.

दारूचं वय

आग ही क्वचित येणारी आपत्ती. काळ मात्र रोजच काम करत असतो. काडतुसातली आजची दारू पूर्वीची काळी दारू नाही. कोळसा, गंधक आणि सोरा यांचं ते मिश्रण कोरडं ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. आजची बिनधुराची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते. म्हणजे कापूस किंवा लाकडातल्या सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून बनवलेला पदार्थ. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं १८४६ मध्ये तो जगापुढे आणला. त्याचं उत्पादन लगेच सुरू झालं, पण १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या फॅव्हरशॅमचा कारखाना स्फोटात उडाला आणि कामगार मेले. पुढे फ्रेडरिक एबल यानं दाखवलं की कापसाच्या तंतूंच्या पोकळीत उरलेलं आम्ल घातक ठरतं. कापसाचा लगदा करून तो पुन्हा पुन्हा धुतला तर पदार्थ बराच स्थिर होतो.

बराच, पण पूर्ण नाही. नायट्रोसेल्युलोज अगदी साध्या तापमानालाही फार सावकाश विघटित होत असतं. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या पदार्थाचं विघटन अधिक वेगानं घडवतं. म्हणजे अभिक्रियेतून निघालेला पदार्थच अभिक्रियेला चालना देतो. रसायनशास्त्रात याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. यात उष्णताही निघते. साठा मोठा असेल आणि उष्णता बाहेर पडायला वाव नसेल, तर दारू कुणी काडी न लावताही पेटू शकते.

याची फार मोठी किंमत फ्रान्सच्या नौदलानं मोजली. पॉल व्ह्येय यानं १८८४ मध्ये तयार केलेली 'पूद्र बे' ही बिनधुराची दारू त्यांच्या युद्धनौकांवर होती. १२ मार्च १९०७ रोजी तूलाँ बंदरात 'इएना' ही युद्धनौका दारूच्या कोठारात स्फोट होऊन उडाली, शंभराहून जास्त माणसं मेली. २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात 'लिबेर्ते' उडाली. या वेळी मृतांची संख्या आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. दोन्ही वेळी शत्रू कुणी नव्हता. संशयाची सुई कोठारात जुन्या झालेल्या दारूकडेच वळली.

यावर उपाय म्हणून आज दारूत साधारण एक टक्का डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक मिसळतात. निघालेली नायट्रोजनची ऑक्साइडं हा स्थिरक पकडून ठेवतो, म्हणजे साखळी पहिल्याच कडीला तुटते. पण स्थिरकही हळूहळू संपत जातो. तो किती लवकर संपणार हे ठरतं तापमानावरून. तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आपण शिकवतो. या विघटनात वाढ त्याहूनही जास्त असते. दुपटीचाच हिशोब धरला तरी २० अंशांच्या खोलीऐवजी ५० अंशांच्या माळ्यावर दारू आठपट वेगानं म्हातारी होईल. थंड, कोरड्या जागी ठेवलेली काडतुसं कित्येक दशकांनंतरही नीट चाललेली आहेत, आणि उन्हात तापणाऱ्या मोटारीच्या डिकीत ठेवलेली त्यामानानं लवकर बिघडतात. दोन्हींचं कारण एकच.

दारू बिघडल्याच्या खुणा सुट्या दारूत ओळखता येतात. चांगल्या दारूला ईथर-अल्कोहोलसारखा सौम्य वास येतो. बिघडलेलीला नाकाला झोंबणारा आम्लाचा वास येतो आणि डब्यात तांबूस-तपकिरी भुकटी दिसू लागते. अशी दारू घरात ठेवायची नसते. अग्निशमन दलाला किंवा पोलिसांना कळवून तिची विल्हेवाट लावायची असते.

पावसाळ्यात तडकणारं पितळ

आता आपल्याकडची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक विचित्र अनुभव येऊ लागला. कोठारात नुसत्या पडून असलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना आपोआप चिरा पडायच्या. कुणी हात लावलेला नाही, वापर नाही, गंजही फारसा नाही. आणि हे घडायचं ते मुख्यतः पावसाळ्यात! म्हणून इंग्रजांनी या प्रकाराला 'ऋतूची चीर' अशा अर्थाचं नाव दिलं. धातुशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही वापरतात.

कोडं सुटायला पुष्कळ वर्षं लागली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. पितळ तडकायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, धातूतला ताण. पितळेच्या चकतीला ठोकून, ओढून लांब पुंगळी करतात, तेव्हा धातूच्या आत ताण कोंडून राहतो. गोळी घट्ट बसवल्यानं पुंगळीच्या मानेवर तो आणखी वाढतो. दुसरी गोष्ट, अमोनिया. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत किंवा त्यांच्या आसपास ठेवली जात. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो. दमट हवेत पितळेवर पाण्याचा अतिशय पातळ थर जमतो, त्यात अमोनिया विरघळतो आणि तांब्याशी संयुग करतो. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर येणारा गर्द निळा रंग आठवा. तेच हे संयुग. ताण असलेल्या पितळेत अमोनियाचा हा हल्ला स्फटिककणांच्या सीमांवर जास्त होतो, तिथे बारीक चीर पडते, ताण ती चीर उघडतो आणि अमोनिया आणखी आत शिरतो.

दोहोंपैकी एक गोष्ट काढून घेतली की चीर थांबते. म्हणून पितळ बेताच्या उष्णतेनं तापवून त्यातला ताण घालवतात. सैन्याच्या बऱ्याच काडतुसांच्या मानेजवळ निळसर-तपकिरी छटा दिसते, ती अशाच तापवण्याची खूण. ती म्हणजे माल जुना झाल्याची निशाणी नाही. आणि घरात काडतुसं ठेवताना नियम असा : अमोनिया असलेली फरशी-काच पुसायची द्रावणं, शेतीची खतं, जनावरांचा गोठा यांच्याजवळ पितळ ठेवायचं नाही.

चामड्याच्या पट्ट्यातही काडतुसं महिनोन्‌महिने अडकवून ठेवू नयेत. चामडं कमावण्याच्या रसायनांमुळे पितळेवर हिरवी बुरशीसारखी कीट चढते. आणि गंज नको म्हणून तेल लावावं का? तेही नको. पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि टोपी निकामी करू शकतं.

घरातली जागा कोणती?

हे सगळं लक्षात घेऊन एका अमेरिकन घरात फेरी मारू. वर छताखालचा माळा, खाली तळघर, बाजूला गाडीचं गॅरेज आणि मध्ये राहत्या खोल्या. काडतुसं कुठे ठेवाल? हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात टाकून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक गटानं जागा निवडायची आणि कारण द्यायचं.

माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, म्हणून बाद. तळघर थंड असतं, पण बहुधा दमट. गॅरेज म्हणजे पेट्रोल, रंग, पातळक, खत आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला मोठा फरक, सगळं एकाच ठिकाणी. उरतं ते घराच्या आतल्या बाजूचं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट. हीटर, चूल आणि धूर जाण्याच्या नळीपासून लांब असलेलं. तिथे तापमान वर्षभर माणसाला सोसवेल तेवढंच राहतं. माणसाला जी हवा मानवते तीच काडतुसालाही मानवते, असं म्हणायला हरकत नाही.

तळघराशिवाय जागाच नसेल तर रबरी पट्टीचा, झाकण घट्ट बसणारा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पण डबा बंद कधी करायचा यालाही महत्त्व आहे. पावसाळी दमट हवेत तो बंद केला तर आपण ओलावाच आत कोंडतो. रात्री डबा थंड झाला की आतल्या हवेतली वाफ पितळेवर दव होऊन बसते. त्यामुळे कोरड्या दिवशी डबा भरायचा आणि पुड्या अधूनमधून बदलायच्या. थंड डबा उबदार, दमट खोलीत आणला तर लगेच उघडायचा नाही. आतला माल खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा.

वजनही विसरू नये. हजार काडतुसांचे २४ किलो हे मुख्यतः धातूचं वजन. अशा चार पेट्या भिंतीवरच्या फळीवर रचल्या तर शंभर किलोंच्या आसपास भार होतो. जड पेट्या खाली, पण फरशीला न टेकता लाकडी पट्ट्यांवर. म्हणजे ओल लागत नाही आणि खालून हवा खेळते.

काडतुसं शक्यतो मूळ खोक्यातच ठेवावीत. खोक्यावर प्रकार आणि उत्पादनाचा गट क्रमांक छापलेला असतो. कारखान्यानं सदोष गट परत मागवला तर हा क्रमांकच उपयोगी पडतो. खोक्यावर विकत घेतल्याची तारीख लिहायची आणि जुनं आधी वापरायचं, आपण डाळ-तांदूळ वापरतो तसं. आणि दोन प्रकारची काडतुसं एका डब्यात कधीही मिसळायची नाहीत. '.३०० ब्लॅकआउट' या काडतुसाची पुंगळी '.२२३' च्याच पुंगळीवरून, ती आखूड करून बेतलेली आहे. त्यामुळे ते .२२३ च्या रायफलमध्ये चुकून बसू शकतं. पण त्याची जाड गोळी त्या बारीक नळीतून जाऊ शकत नाही आणि रायफल नेमबाजाच्या चेहऱ्यासमोर फुटते. म्हणजे इथे डब्यावरची चिठ्ठी हेदेखील सुरक्षेचं साधन आहे.

कुलूप

आतापर्यंत आपण उष्णता, ओल, आम्ल आणि दाब यांचा विचार केला. पण घरातला सगळ्यात मोठा धोका रसायनांचा नाही. तो आहे काडतूस आणि बंदूक नको त्या हातात एकत्र येण्याचा. कुतूहलानं कपाट उघडणारं लहान मूल, किंवा निराशेच्या एका घटकेत असलेलं वयात येणारं मूल.

याबद्दल २००५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन, ऑरेगन आणि मिसुरी या राज्यांतली घरं त्यात होती. मुलांना बंदुकीनं इजा झालेली घरं आणि बंदूक असूनही तसं काही न घडलेली घरं यांची त्यांनी तुलना केली. चार सवयी मुलांच्या सुरक्षिततेशी जोडलेल्या आढळल्या. बंदूक कुलपात ठेवणं, ती रिकामी ठेवणं, काडतुसं कुलपात ठेवणं आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवणं. या सवयींचा संबंध चुकून होणाऱ्या इजा कमी असण्याशी होता, तसाच किशोरवयीनांच्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न कमी असण्याशीही होता.

हे असं का व्हावं? निराशेची तीव्र घटका अनेकदा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात दोन कुलपं आणि दोन जागा आड आल्या तर एक जीव वाचू शकतो. म्हणजे कुलूप जे देतं ते वेळ. किल्ल्या मोठ्या माणसाच्या अंगावर हव्यात. दाराच्या चौकटीवर किंवा देवघरामागे ठेवलेली किल्ली मुलांना माहीत नसते, हा मोठ्यांचा गैरसमज असतो.

काडतुसं हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, हेही याच ओळीत सांगायला हवं. गोळीत शिसं असतं आणि बहुतेक टोप्यांतही शिशाचं संयुग असतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो.

वर्गात काय करता येईल?

काडतूस वर्गात आणायचं नाही, रिकामी पुंगळीसुद्धा नाही. त्याची गरजही नाही. फ्रिजमधून काढलेला स्टीलचा कोरडा पेला बाकावर ठेवा आणि त्यावर दव जमायला किती मिनिटं लागतात ते जुलैत आणि जानेवारीत मोजा. पितळेचे दोन स्क्रू घ्या, एक बंद बरणीत अमोनियाच्या द्रावणाच्या वर दोऱ्यानं टांगा, दुसरा कोरड्या बरणीत. काही दिवसांनी पहिल्यावर निळसर-हिरवी छटा दिसेल. अमोनियाची वाफ डोळ्यांना व श्वासाला त्रासदायक असते, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी खिडकीशी, स्वतःच्या हातानं करावा. आणि हजार काडतुसांच्या ऊर्जेचं गणित मुलांकडून करून घ्या. गॅसच्या शेगडीपाशीही किती काळजी घ्यायला हवी हे त्यातून आपोआप समोर येईल.

शेवटची गोष्ट मात्र प्रयोगाची नाही, सूचनेची आहे. लष्कराच्या सरावाच्या मैदानांजवळच्या गावांत, भंगाराच्या ढिगांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर काडतूस किंवा न फुटलेला गोळा सापडू शकतो. भंगार म्हणून उचललेल्या गोळ्यांनी माणसं दगावल्याच्या घटना आपल्या राज्यातही घडल्या आहेत. मुलांना चार वाक्यं पाठ हवीत : हात लावायचा नाही. ठोकायचं नाही, आगीत टाकायचं नाही. जागा लक्षात ठेवून मागे फिरायचं. मोठ्या माणसाला सांगायचं आणि पोलिसांना ११२ वर कळवायचं. जुनं झालेलं काडतूस निरुपयोगी असेलच असं नाही. नायट्रोसेल्युलोज, पितळ आणि टोपीतलं रसायन यांचं वय बाहेरून दिसत नाही, हे एव्हाना आपण पाहिलंच आहे.